उकळलेलं ताक

माझी थोरली लेक दीड वर्षाची असताना गेली. गेली म्हणजे मेली. गोड शब्द मला जमत नाहीत.

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरचा दुसरा उन्हाळा होता. हिंगणीकडच्या आमच्या वस्तीत चौथी शिकलेली सून मी एकटीच, आणि त्याचा तोरा केवढा! देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले. आता डॉक्टर सांगेल तेच खरं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. पोरीला हगवण लागली तशी बंडी जुंपून तिला सिंदीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जबर गोळ्या दिल्या. म्हणाले, "पाणी उकळूनच पाजा, जंतू मरतात. अन् रोज ताजं ताक द्या."

मी मोठी शहाणी! पाण्यात जंतू, तर ताकात नसतील का? घरी येऊन मी ताकही चुलीवर चढवलं.

सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "काऊन वो, ताक उकळून राह्यली? त्याचा जीवच जाते ना."

"तुमाले काय समजते, आत्याबाई?"

त्या आल्या पावली मागं फिरल्या. उकळलेलं ताक फाटायचं, पोर तोंड फिरवायची, आणि मी नाक दाबून पाजायचे. हगवण काही थांबली नाही.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा सिंदी. डॉक्टरांनी विचारलं, "ताक देता ना?"

"रोज देतो जी," मी ऐटीत सांगितलं. कसं देता, हे त्यांनी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर बंडीतच ती माझ्या मांडीवर गार पडली.

चाळीसेक वर्षांनी नातीनं कॉलेजचं पुस्तक वाचून दाखवलं. ताकात जिवंत जंतू असतात म्हणे, भले. आतड्यात ते वस्ती करतात, वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत, अंगाला रोगाशी लढायला मदत करतात. जबर गोळ्यांनी पोटातले भले जंतूही मरतात, म्हणून ताजं ताक. उकळलं की त्यातले संपले.

"साधं ताक दिलं असतं तर वाचली असती का गं?"

"सांगता येत नाही, आजी."

म्हणजे ते कधीच नाही कळणार. सासूबाई तर केव्हाच गेल्या होत्या. पोरीला पुरून आलो त्या दिवशीही त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, नंतरही कधी नाही. बोलायला पाहिजे होतं त्यांनी. चारचौघांत, वाट्टेल तसं बोलायला पाहिजे होतं. पण मीच तर त्यांचं तोंड बंद केलं होतं.