वॉचमन पंपावर गेला की

पेशीच्या पोटात काय चालतं हे तिथे काही वर्षं भाड्याने राहून आल्यासारखं ठाऊक असलेले गृहस्थ अख्ख्या डोंबिवली पूर्वेत एकच असतील, आणि ते आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. मानपाड्याकडच्या एका औषधांच्या कारखान्यात आंबवण्याच्या टाक्यांवर देखरेख करण्यात त्यांची हयात गेली. त्या टाक्यांत यीस्ट असायचं, आणि यीस्टबद्दल काका अजूनही सासुरवाडीच्या माणसांबद्दल बोलावं तसे जपून बोलतात. मी त्यांची नक्कल करायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे गमतीचं सांगणार आहे त्यातलं बरंचसं स्टेजवर सांगून मी टाळ्या घेतलेल्या आहेत, आणि त्या टाळ्या आठवल्या की आता शरमेने माझी मान वर होत नाही.

इतरांना म्हातारपणी सून असते, शेअर बाजार असतो, गुडघे असतात. काकांना सर्टुइन आहे. सर्टुइन हे एका एन्झाइमचं नाव. ते बनवणारं जनुक आधी यीस्टमध्ये सापडलं आणि मग कळलं की माणसातही त्याची सात भावंडं आहेत. शाळेत विज्ञानाला जेमतेम पास झालेला माझ्यासारखा माणूस एवढं सांगू शकतो, यावरून आमच्या जिन्यात काय काय घडलं असेल याची कल्पना यावी. काका समोरच्याचं मनगट धरून बोलतात. नाडी बघतायत असं वाटून माणूस थांबतो आणि फसतो. एकदा तर त्यांनी खांद्यावर भरलेला सिलिंडर घेतलेल्या माणसाला पहिल्या मजल्यावर गाठलं. त्याने सिलिंडर खाली उतरवला, त्यावरच बसून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "काका, ये मिलता किधर है?" काका खूश झाले. म्हणाले, "मिलता नहीं, अंदरही होता है. सिर्फ थक जाता है."

समजावून सांगायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. "आपला वॉचमन बघ," ते म्हणायचे. "त्याला कामं किती? दोन. गेटवर बसायचं, आणि पंप बिघडला की धावायचं. सर्टुइनचंही तेच. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळ्यांनी एकदम बोलायचं नसतं. नको त्यांना गप्प बसवणं हे याचं गेटवरचं काम. आणि कुठे डीएनए तुटला की उठून दुरुस्तीला धावायचं, हे पंपावरचं. तरुणपणी पंप कधीमधी बिघडतो, म्हातारपणी रोज. मग काय, गेट उघडंच! कुत्री शिरतात, सेल्समन शिरतात, कोणीही कुठल्याही मजल्यावर जातं. आपण मेंदूची पेशी आहोत याचा मेंदूच्या पेशीलाच विसर पडायला लागतो." हे सगळं शांतपणे ऐकून आमच्या सेक्रेटरींनी पुढच्या मीटिंगमध्ये दुसरा वॉचमन ठेवायचा ठराव मांडला होता.

हा आतला वॉचमन पोट जरा रिकामं असलं की म्हणे जागा राहतो. त्यामुळे काकांना अचानक एकादशी, चतुर्थी, शिवरात्र या सगळ्यांचा उमाळा आला; एरवी देवाशी त्यांचं कधी फारसं जमलेलं नव्हतं. पण आमच्याकडचे उपवास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. एका महाशिवरात्रीला ते आमच्या दारात उभे राहिले, माझ्या ताटातली साबुदाण्याची खिचडी, तिच्यावरचं ओलं खोबरं, शेजारचा बटाट्याचा चिवडा, सगळं एकेक करून बघितलं आणि कळवळून म्हणाले, "झोपवलंस रे त्याला. गादी घालून झोपवलंस." मी त्यांच्यादेखत दुसऱ्यांदा खिचडी वाढून घेतली. मात्र थाप मारायची नाही हा त्यांचा बाणा होता. याने विसरभोळेपणा बरा होतो का, असं कोणी विचारलं की ते एकदम गंभीर व्हायचे. "उंदरांत दिसलंय. उंदरांत! माणसांत अजून सिद्ध नाही." हे वाक्य ते इतक्या पोटतिडकीने म्हणायचे की नकलेत मी ते तीनदा घालायचो. त्यात पोटतिडीक कसली, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

त्यांच्या घरात जिकडे तिकडे चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. साखरेवर 'साखर' आणि मिठावर 'मीठ' हे समजू शकतो. पण बाथरूमच्या दारावर 'बाथरूम', शेगडीच्या वर 'गॅस बंद केला का?' मला वाटलं, कारखान्यातली सवय. डोंबिवलीच्या मे महिन्यातसुद्धा अंगात तोच मोहरीच्या रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर. मला वाटलं, विक्षिप्तपणा. खिशात किल्ली असतानाही बेल दोनदा वाजवून "मी आलोय गं!" अशी जिन्यातून हाक मारायची, मला वाटलं, बायकोचा धाक. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे तयार कारण होतं, आणि प्रत्येक कारणावर लोक हसत होते.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीची सहल खडवलीला नदीवर गेली होती. पुऱ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचा गोळा हातात घेऊन काका यीस्टची गोष्ट सांगत होते. आईच्या अंगावर लेक फुटते, लेक कोरी करकरीत जन्मते आणि आई मात्र दर लेकीमागे म्हातारी होत जाते, अशी ती गोष्ट. सांगता सांगता त्यांचं लक्ष गेलं तर काकू जागेवर नव्हत्या. शोधाशोध झाली. शेवटी त्या स्टेशनच्या रस्त्याला सापडल्या, चपला न घालता तरातरा चालत होत्या. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, "विठ्ठलवाडीला." विठ्ठलवाडी म्हणजे त्यांचं माहेर. मी लगेच ओरडलो, "काका, तुमच्या भाषणाला कंटाळून काकू माहेरी निघाल्या!" सगळे पोट धरधरून हसले. काकाही हसले, आणि खाली वाकून त्यांनी काकूंच्या पायात चपला घातल्या. त्यावरही मी काहीतरी बोललो होतो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग गेल्या वर्षीचा सव्वीस जानेवारी. सकाळी झेंडावंदन, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबलं जोडून केलेल्या स्टेजवर सोसायटीतल्या कलाकारांचा कार्यक्रम. आता या कलाकारांमध्ये कलाकार म्हणजे मीच. बायकोचा पिवळा स्वेटर उलटा घालून मी वरचे काका झालो. खरं तर काकांचा आवाज आता पार बसलाय, तो मागच्या रांगेपर्यंत गेला नसता. म्हणून मी त्यांचा जुना आवाज लावला, आम्ही इथे नवीन राहायला आलो तेव्हाचा, खणखणीत. त्यात थोडा पदरचा मसाला घातला. दोनऐवजी तीन बेल, मग एक लांबलचक खाकरणं, आणि मग "तीनशे दोनचे मालक हजर!" हे काका जन्मात कधी म्हणाले नव्हते. वर आणखी, "आता फक्त काकूंच्या कपाळावर 'काकू' अशी चिठ्ठी लावायची राहिली आहे!" काका-काकू पहिल्याच रांगेत होते. काकू आधी खुदकन हसल्या, मग खुर्चीतून उठल्या आणि थेट माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, किती वेळ ते बोलणं? हात धुऊन घ्या, पान वाढलंय." पार्किंग हास्याने दणाणून गेलं. काकूंनी कसली भारी साथ दिली, असं सगळ्यांना वाटलं. मी "आलो, आलो!" म्हणून आणखी एक टाळी घेतली. काका सगळ्यांच्या नंतर हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. मला वाटलं, चिठ्ठीच्या विनोदावरून झाडणार. पण ते सोफ्याच्या कडेला बसले आणि पहिल्यांदाच माझं मनगट न धरता बोलायला लागले. "ती कालपासून विचारतेय, ते कुठे गेले म्हणून. चार वर्षं झाली. अल्झायमर आहे. कोणाला बोललो नाही. मला ती ओळखत नाही आता, घरात कोणी म्हातारा शिरलाय असं वाटतं तिला." तिला ओळख पटावी म्हणून बारा महिने घातलेल्या त्या स्वेटरला पिनेने एक चिठ्ठी लावलेली होती. वर त्यांचं नाव आणि खाली 'घाबरू नकोस' एवढंच लिहिलेलं. मी ती वाचतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "वाचते ती," काका म्हणाले. "विश्वास बसत नाही तिचा. माझ्या हातचं जेवत नाही. मी अन्नात काही घातलंय असं तिच्या मनात येतं. काल तुला बघून मात्र... तू माझ्या जुन्या आवाजात बोललास ना, तो आठवतो तिला. संध्याकाळी पंधरा मिनिटं येशील का रे? नुसता समोर बसून बोल. ती जेवेल."

ते गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "मला वाटतच होतं. काकूंनी मला दोनदा नाव विचारलेलं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तू माणसं ऐकतोस कुठे, तू नुसता टिपून घेतोस."

मी चार संध्याकाळी गेलो. तीन बेल, खाकरणं, मालक हजर. काकू दार उघडायच्या, पान वाढायच्या, समोर बसून माझ्याबरोबर जेवायच्या. आणि काका स्वयंपाकघराच्या दाराआड, त्यांना दिसणार नाही असे उभे असायचे. स्वतःच्या घरात. मी त्यांच्या आवाजात भाजीची तारीफ करायचो आणि ते तिकडून कान देऊन ऐकायचे. चौथ्या दिवशी काकूंनी अलगद माझं मनगट धरलं, थेट काकांसारखं, आणि म्हणाल्या, "दमलात का हो? पुरे आता नोकरी." मी पटकन दाराकडे पाहिलं. काकांनी मान दुसरीकडे वळवली होती.

पाचव्या दिवशी मी गेलो नाही. ठाण्याच्या ऑफिसात काम निघालंय, असा निरोप दिला. सहाव्या दिवशीही. मग मी घरी असूनही नाही, असं बायकोला दारात सांगायला लावू लागलो. एवढ्या लोकांसमोर ज्याचं तोंड दोन-दोन तास चालतं, त्याला एका बाईसमोर पंधरा मिनिटं बोलायचं जड झालं. त्या आठ दिवसांत काकू नीट जेवत नव्हत्या, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी गेलो नाही. याला काही कारण देता येत नाही आणि द्यायचंही नाही.

रविवारी काका आले. मी आतल्या खोलीत दडणार तेवढ्यात ते म्हणाले, "बस, बस. तुला जड जातं, कळतं मला. मग असं कर, मला शिकव."

"काय शिकवू?"

"मी."

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, "काका, तुमचंच तर आहे सगळं."

"होतं रे. पण मी गेटवरून उठून पंपावर गेलो ना. चार वर्षं नुसती दुरुस्ती चाललीय. औषधं, डॉक्टर, ते सर्टुइनचं वाचन. मी कसा बोलायचो, तिकडे बघायला कोणी उरलंच नाही."

मी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा नीट विचारलं, त्या जनुकाचं पुढे काही होईल का. ते बोटं मोजत म्हणाले, "सात भावंडं आहेत. एक वाचवतो असं उंदरांत दिसलंय, दुसऱ्याला आवरलं तर बरं असंही दिसलंय. कोणाला उठवायचं आणि कोणाला झोपवायचं, हेच अजून नक्की ठरायचंय. ठरेल कधीतरी. तोवर ती जेवली पाहिजे."

मग आमच्या हॉलमध्ये शिकवणी सुरू झाली. काका इतके वाईट विद्यार्थी असतील असं वाटलं नव्हतं. "छाती पुढे काढा. शेवटचा शब्द पाडू नका, वर फेका," मी सांगायचो, आणि सत्तरी उलटलेले काका दात घासताना बोलल्यासारखं काहीतरी बोलायचे. "नाही जमत, तू फार चांगला करतोस मला," असं ते मनापासून म्हणाले, तेव्हा चहा घेऊन आलेली बायको हसता हसता थांबली आणि परत आत गेली. 'मालक हजर'पाशी ते अडले. "हे मी कधी म्हणायचो?"

"नाही म्हणायचा. ते मी घातलेलं. लोक हसतात म्हणून."

"ती हसली होती?"

"हो."

"मग राहू दे."

यंदा सव्वीस जानेवारीला लोकांनी काकांच्या नकलेची फर्माईश केली. मी म्हटलं, विसरलो. खोटं बोललो, पण ती आता माझी राहिली नाही, आणि काका ती माझ्यापेक्षा चांगली करतात. रोज संध्याकाळी साडेसातला आमची पानं वाढलेली असतात तेव्हा वर तीन बेल वाजतात, लांबलचक खाकरणं ऐकू येतं आणि "तीनशे दोनचे मालक हजर!" कधी लगेच काकूंचं "आले, आले" येतं. कधी काहीच येत नाही. मग काका पाच-सहा पायऱ्या खाली उतरतात, पुन्हा वर जातात आणि पहिल्या बेलपासून परत सुरुवात करतात. वरचं दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत आमच्याकडे कोणी घास उचलत नाही.