सवा की सहा

ही गोष्ट सांगायची मी अकरा वर्षं टाळली. यंदा प्रवासाहून आल्यावरही मित्रांना नागपूरचं ऊन सांगितलं, संत्री सांगितली. पुण्याहून नागपूरला विमानाला किती वेळ लागतो, तेवढं मात्र बोललो नाही.

सवा तास लागतो. नागपूरला राहणाऱ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, फोनवर विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं होतं. तिला ऐकू आलं 'सहा'.

"सहा घंटे? एका जागी बसून?" ती हळहळली.

मी चूक दुरुस्त केली नाही. त्या दिवाळीला मला जायचं नव्हतं, आणि सहा तास हे कारण बरं होतं. पुढे ते दर सणाला कामी आलं. भाऊजी गेले तेव्हा तिनं मला दुसऱ्या दिवशी कळवलं. "तुह्या कंबरेले सहा घंटे सोसले नसते गा," म्हणाली. शेवटचं दर्शन राहिलं ते राहिलंच.

यंदा ठरवलं, जायचं आणि खरं सांगून माफी मागायची. विमानात मनाशी वाक्य जुळवत बसलो. खाली डोंगर संपले, करडी सपाट जमीन लागली. चहाचा पेला अर्धा होतो न होतो तोच पट्टे बांधायला सांगितलं. माझं वाक्य 'अक्का, खरं म्हणजे' याच्या पुढे गेलं नव्हतं. सहा तास असते तर बरं, असं प्रथमच वाटलं.

अक्काच्या नंदनवन वस्तीकडे निघालेल्या रिक्षावाल्यानं विचारलं, "पुण्याहून किती टाइम लागते, काका?"

"सवा तास."

"बस? ट्रॅफिक असली का मले नंदनवनले पोचालेच तेवढा लागते."

परक्याला खरं सांगणं किती सोपं.

अक्का दारातच उभी होती, हातात गरम पाण्याची पिशवी. "ये गा बापू. पड जराशीक, कंबर गेली असन." मग सांबारवडी आली (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, तिचं सारण भरून तळलेली वडी). आत भिवापूरची मिरची. डोळ्यांत पाणी आलं.

"काहून रडून राहिला?"

"मिरची," मी म्हणालो. मग धीर केला. "अक्का, विमानाला सवा तास लागतो."

"हो ना, सहाच म्हणून राहिली मी. अजून एक घे."

तीन दिवसांत तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं, की शेजारीण डोकावली. अक्का वडी वाढत राहिली.

निघताना तिनं हातात चिमुकली डबी ठेवली. आत दोनच वड्या.

"एवढंच?"

"सवा घंट्यात किती खाशीन गा?"

"तुला कोणी सांगितलं?"

"शेजारणीची पोरगी पुण्याले नोकरीले आहे. दर महिन्याले येते."

"कधीपासून माहीत आहे?"

"तुहे भाऊजी होते तवापासून." तिनं माझी कॉलर नीट केली. "जाय, रिक्षा उभी आहे."

म्हणजे कंबरेचं ते कारण तिनं मला जाणूनबुजून दिलं होतं. मी रिक्षात बसलो, हात हलवला.

विमानात एक वडी खाल्ली. दुसरी अजून हातातच होती, तेवढ्यात पुणं आलं. तिच्या दारात जे तोंडातून निघालं नाही, ते इथे लिहितो आहे. अक्का, सवाच तास लागत होता. मला यायला हवं होतं. माझं चुकलं.