चव घेण्याची नोकरी

वाशीम स्टेशनावर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकी धरून चालत होते. "काईबी काम कर बाबू, लाज नोको धरू. फक्त दारूच्या वाटेले जाऊ नोको." बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून मोहाच्या दारूचा थेंब न शिवलेला माणूस तो. आसेगावातल्या आमच्या वस्तीतला पहिला बी.एस्सी. मी. औरंगाबादच्या जाहिरातीत फक्त 'केमिस्ट पाहिजे' होतं.

कारखाना निघाला बिअरचा. महिन्याभरात साहेबांनी माझी जीभ हेरली आणि मला टेस्टिंगच्या टेबलावर बसवलं. सकाळी कांदा नाही, पान-तंबाखू नाही. ग्लास उजेडात धरायचा, फेस किती टिकतो पाहायचं, वास घ्यायचा, मग घोट. 'कडवटपणा मागे रेंगाळतो, हॉप्सची कडू फुलं जास्त पडलीत', असा शेरा लिहायचा. माझ्या शेऱ्यावर टाकी थांबायची, बरं का! गावात माझ्या बोलण्यावर बैलसुद्धा थांबत नव्हता. त्या खोलीत एक जोशी, एक सरदारजी आणि मी, एकमेकांचे ग्लास बिनदिक्कत उचलून चाखायचो. आडनाव कोणी विचारलं नाही.

बहिणीच्या लग्नाला गावी आलो. वंदनेत पाचवं शील आलं, नशा न करण्याचं, आणि माझं तोंड आपोआप मिटलं. बाबा शेजारीच होते. पाहुणे पांगल्यावर त्यांनी विचारलं, "गप काहून झाला तू?" सगळं सांगितलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते तरी पाळावं म्हटलं.

"मंग चाखून थुकून टाकता नाही येत काय?"

नाही येत. बिअरचा कडूपणा जिभेच्या मुळाशी कळतो, घोट खाली उतरवावाच लागतो.

"म्हंजे पेतंच नं तू," म्हणाले, आणि उठून गेले.

मला राग आला, अजून आहे. गावात राहिलेल्यांनो, तुमच्यातले अर्धे अंधार पडला की नाल्याकाठच्या दारूभट्टीवर जाऊन येतात आणि सकाळी विहारात पुढे बसतात. तुम्ही सगळे साव, आणि दिवसाढवळ्या, शुद्धीत राहून, घोटभर चाखून पोट भरणारा मी चोर! वा रे वा.

पुढच्या उन्हाळ्यात घरी गेलो. आईने पाणी दिलं ते कोनाड्यातल्या पेल्यात. बाकीचे पेले मांडणीवर होते. "तुह्या बाबानं सांगतलं, त्याचा अलग ठेव," ती खाली बघत म्हणाली. हाटेलात आमचे कप बाहेर वेगळे ठेवतात म्हणून जन्मभर तिथला चहा न घेतलेला माझा बाप! हाटेलवाल्याशी निदान भांडता तरी आलं असतं. बापाशी काय भांडू? मुकाट्याने प्यायलो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने निघालो.

आता बाबा नाहीत, आईही नाही. धाकट्या भावाने जुनं घर पाडून नवं बांधलं, तेव्हा फोनवर विचारत होता, "दादा, सामानात तुहा पेला निंघाला. तिकडं पाठवू काय?"

म्हटलं, राहू दे. त्या घरात माझ्या नावाचं तेवढंच उरलंय.