शशिकांतकाकांची फिकट बिअर

अमेरिकेत प्लेनो शहरात राहणारे शशिकांतकाका म्हणजे एकदा बोलले की विषय संपला, अशा जातीचा माणूस. उभा जन्म केमिकल इंजिनिअरिंगमध्ये गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये बिअर करायला घेतली. वसुधाकाकूंना फिकट, हलकी बिअर आवडायची; तीच करून पाजायची असा काकांचा हट्ट. पण दर खेपेला उतरायची ती कोऱ्या चहासारखी काळपट, वर करपट वासाची.

काकांची रीत ठरलेली. पाणी तापलं की माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे सातूच्या दाट पाकाचा, अख्खा डबा पातेल्यात ओतायचा, हॉप्सची कडू फुलं टाकायची आणि तासभर खळखळ उकळायचं.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी चार मित्र गॅरेजमध्ये जमले होते. भज्यांची ताटली घेऊन आलेल्या काकू पातेल्यात डोकावल्या.

"अहो, काकवीसारखं दिसतंय हे. तासभर उकळलं तर करपणारच. शेवटी घालून बघा ना."

"वसुधा, ही आमटी नाही! केमिकल इंजिनिअर कोण, तू की मी?"

मित्र खो खो हसले. काकूही हसल्या, ताटली ठेवून आत गेल्या, आणि पुन्हा म्हणून गॅरेजकडे फिरकल्या नाहीत. एवढ्या हुशार माणसाच्या हे लक्षातसुद्धा आलं नाही.

यंदा शेजारच्या निमिषने पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. तोही घरी बिअर करणारा. "काका, सगळा एक्स्ट्रॅक्ट स्टार्टलाच टाकता? आधी थोडाच टाका. बाकीचा लास्ट पंधरा मिनिटांत, गॅस ऑफ करून, नीट मिक्स करून. मग परत बॉइल करा."

काकांना ती भज्यांची ताटली आठवली आणि लाजेने कान तापले. पण चूक तोंडाने कशाला कबूल करायची, बिअरनेच करू, असं त्यांनी ठरवलं. तेवढा ताठा शिल्लक होताच.

महिन्याभराने बाटली उघडली, तर आत लख्ख सोनेरी बिअर! काकांनी पहिला ग्लास थेट स्वयंपाकघरात नेला.

"तुझंच खरं होतं, वसुधा. घे."

काकूंनी ग्लास उजेडात धरला. "रंग सुरेख आलाय हो," म्हणाल्या आणि तो तसाच ओट्यावर ठेवला. "पण मला नाही चालायची. सांधेदुखीच्या गोळ्या चालू आहेत ना, डॉक्टरांनी बंद केलीय."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गॅरेजमध्ये असायचात."

रागाने म्हणाल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. काकूंनी कणीक मळायला घेतली, तेव्हा त्यांची सुजलेली बोटं काकांना पहिल्यांदा दिसली.