विद्याताईंनी नाकारलेला आरसा

चकचकीत आरसा कोणी कौतुकाने दाखवला की विद्याताईंचं डोकं फिरायचं. "चमकतोय, मग? स्टीलचं ताटही चमकतं!" अमेरिकेत ईडन प्रेरी गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत दुर्बिणींचे आरसे बनत. काच घासून तिला पॉलिश देणं ताईंकडे आणि त्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवणं माझ्याकडे.

मी नागपूरहून नवीनच आलो होतो. पहिल्याच आठवड्यात काचेवरची धूळ रुमालाने पुसायला गेलो, तर त्यांनी मनगटावर फटका मारला. "अरे, ओरखडे पडले की प्रकाश भरकटतो. मग काय, ताऱ्याऐवजी धुरळा बघायचा?" दुपारी मात्र त्यांच्या डब्यातली निम्मी भाजी माझ्याकडे यायची.

एकदा एका युनिव्हर्सिटीचा मोठा आरसा त्यांनी अडवला. टेस्टमध्ये कड खाली उतरलेली दिसत होती. अजून दोन आठवडे पॉलिश हवं, असं त्यांनी मॅनेजरला माझ्यासमोर बजावलं. "कोटिंग केल्यावर कोणाला कळणार आहे?" असं तो हसत म्हणाला. ताई माझ्याकडे वळून मराठीत कडाडल्या, "याला कोणीतरी सांगा रे! कोटिंग केसाहून शेकडो पट पातळ असतं. खड्ड्यावर चादर घातली म्हणून खड्डा बुजतो का?"

तरी मॅनेजरने आरसा माझ्याकडे पाठवलाच. मी निमूटपणे कोटिंग केलं. माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्याच मॅनेजरच्या हातात होते.

युनिव्हर्सिटीची माणसं आरशात आपापले चेहरे बघून खूश होऊन गेली. दुर्बीण लागली तेव्हा मात्र प्रत्येक ताऱ्याभोवती फराटे दिसायला लागले. मीटिंगमध्ये मॅनेजर बेशरमपणे म्हणाला, "विद्याने मला काही सांगितलंच नव्हतं."

"ह्याला विचारा, हा तिथेच होता," ताई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "आय डोन्ट रिकॉल."

त्याच आठवड्यात त्यांना काढलं. पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं आणि व्हिसाचं रडगाणं सुरू केलं. "व्हिसाचं मला सांगतोस? मीही त्याच रांगेतून आलेय," एवढं म्हणून त्यांनी गाडी काढली. त्या मॅनेजरचा मला आजही संताप येतो. माझा त्याहून जास्त येतो.

गेल्या महिन्यात ग्रीन कार्ड आलं. मी लाज सोडून ताईंना फोन केला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "मग युनिव्हर्सिटीला खरं काय ते कळवलंस?"

"नाही अजून," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवून दिला.