एकच बोळ, दुसरा दावा

बेबीनंदाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या न बसण्यामुळे. जाफराबादकडच्या एका गावातल्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. पोरं जेवायला बसली की दुसरी बाई भिंतीला टेकून घटकाभर पाय पसरायची. बेबीनंदा मात्र हातात पळी धरून, फाटकाकडं तोंड करून उभी. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की तिची मान वळायची. गाडी पुढं निघून गेली की ती पुन्हा ताटांकडं बघायची. कुणाला भात कमी पडला, कोण वाटाणे वेचून बाजूला सारतो, सगळं तिला दिसायचं. पण कान रस्त्याला लागलेले.

तिला धास्ती होती कोर्टाची नोटीस घेऊन येणाऱ्या बेलीफाची.

नवरा वसंता वारल्यावर तिच्या नावानं दोन खोल्यांचं घरकुल आलं. तिचं घर आणि मोठा दीर संपत याचं घर, यांच्यामध्ये चार फुटांचा बोळ होता. तो आपल्या वाट्याचा आहे म्हणून संपतनं दावा लावला. तालुक्याच्या कोर्टात हरला, जालन्याला अपिलात हरला. बोळ बेबीनंदाचा ठरला. तिनं भिंती उभ्या केल्या, दारा-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत आणल्या, आणि बेलीफ पुन्हा दारात उभा राहिला.

इथं ती चुकली. समन्स हातात घ्यायलाच तयार होईना.

"निकाल लागलाय ना भाऊ? मंग आता कशाची नोटीस? तुमच्याच कोर्टानं दिलाय निकाल, तुमालाच म्हाईत न्हाई?"

बेलीफानं समजावलं, ती ऐकेना. त्यानं 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि गेला. तारखेला ती शाळेत कांदे चिरत होती. कोर्टात तिच्या बाजूनं कुणीच नव्हतं, म्हणून 'आहे तसं ठेवा' असा हुकूम झाला. बांधकाम थांबलं. अर्ध्या भिंतींवर पत्रे टाकून ती आत राहू लागली.

त्यात प्रीतीला, तिच्या लेकीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. बदनापूरहून विहीणबाईंचा फोन आला. "पत्र्याखाली, मे महिन्यात, ओल्या बाळंतिणीला ठेवता का ताई? स्लॅब पडला तर धाडते. न्हाई तर इथंच करू." बोलणं गोड होतं, पण त्या दिवसापासून बेबीनंदाचं खाली बसणं संपलं.

जाफराबादच्या वकील गजाला शेख यांनी नव्या दाव्याची प्रत वाचली. वादी या वेळी संपत नव्हता, त्याची बायको द्वारकाबाई होती. तिचं म्हणणं, बेबीनंदाच्या घराच्या पश्चिमेच्या मोकळ्या जागेत मी वर्षानुवर्षं शेळ्या बांधते; नवऱ्याविरुद्ध झालेला निकाल मला लागू नाही. गजाला वकिलांनी जुना दावा काढला. त्यात होता संपतच्या घराच्या पूर्वेचा बोळ. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसल्या.

"बेबीताई, याच्या पूर्वेला काय, तर तुमचं घर. तुमच्या पश्चिमेला काय, तर त्याचं. मधी एकच बोळ. मागं त्या बाजूनं मोजला, आता ह्या बाजूनं. एकदा ठरलेलं पुन्हा चालवता येत नाही. हा दावा पुढं न चालवताच फेटाळा, असा अर्ज देऊ."

"आन न्हाई फेटाळला तं?"

"तर साक्षी, पुरावे. वेळ लागेल."

"किती?"

वकीलबाईंनी कोरा कागद पुढं ओढला आणि अर्ज लिहायला घेतला.

तारखेला गावातून सकाळी एकच जीप निघे, हाशिमची. संपत मोटारसायकलनं पुढं जाई. बायकोला जीपमध्ये बसवून देई, आणि जीपमध्ये जागा मिळे ती बेबीनंदाच्याच शेजारी. दोघी जावा मांडीला मांडी लावून भांडायला निघत. हाशिमला हे फार आवडायचं.

"वादी बी बसली, प्रतिवादी बी बसली. चला! तुमच्या कज्ज्यावर माझी गाडी चालून राह्यली भाभी. निकाल लागला तं दोन सवाऱ्या तुटत्यात बघा."

"तुझ्या तोंडात माती," द्वारकाबाई म्हणायची, आणि बेबीनंदाकडं न बघता विचारायची, "प्रीतीला कितवा?"

"सातवा संपून राह्यलाय."

"डिंकाचे लाडू कर. मेथी कमी घाल, तिला कडू चालत न्हाई."

अर्जावरच्या सुनावणीला बेबीनंदा कोर्टाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. पट्टेवाल्यानं दोनदा हटकलं. पुकारा झाल्यावर आत गेली, तर पायातली एक चप्पल बाहेरच राहिली.

द्वारकाबाईच्या वकिलांनी जोरात सांगितलं, बाईंची वहिवाट स्वतंत्र आहे, साहेब. न्यायाधीशांनी जुना निकाल चाळला, नवा दावा वाचला आणि मान वर केली. "बाई आल्यात का? पुढं या. शेळ्या कधीपासून बांधता?"

"लगीन होऊन आले तवापासून."

"कुणी सांगितलं तिथं बांधायला?"

"मालकांनी. त्यांची जागा म्हणून बांधते."

"तुमच्या नवऱ्यानं मागं दावा केला होता, तो बोळ कोणता?"

संपत मागच्या बाकावरून खोकला. द्वारकाबाईनं वळून पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं.

"कोणता म्हंजी? त्योच की साहेब. दोन घरांच्या मधी दुसरा बोळ कुठून आणू?"

बेबीनंदानं शेजारच्या बाकाची कड घट्ट धरली. आपण हसलो तर काही बिघडेल की काय, असं तिला वाटलं. वकीलबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, तरी तिचा पाय हलतच होता.

दुपारनंतर हुकूम झाला. वादी नवऱ्याच्याच हक्कावर उभी आहे, जागा तीच आहे, त्या जागेचा निवाडा आधीच झालेला आहे; दावा फेटाळला, बांधकामावरची मनाईही उठली. बेबीनंदाला फक्त 'फेटाळला' एवढं कळलं. तिनं तीनदा विचारून घेतलं.

परतीच्या जीपमध्ये द्वारकाबाई नव्हती. संपतनं तिला मोटारसायकलवर मागं बसवलं होतं. पुढं तो बरेच दिवस अपिलाच्या गोष्टी करत फिरला. केलं मात्र नाही. द्वारकाबाईनं पुन्हा सही करायला नकार दिला म्हणतात. तिनं स्वतः कुणाला तसं सांगितलं नाही.

निकाल लागूनही बेबीनंदाच्या जिवाला चैन नव्हतं. गवंडी मिळेना, मिळाला तर वाळू येईना. स्लॅब पडला, पण खालच्या टेकूच्या बल्ल्या काढायच्या आधीच प्रीतीच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि बाळंतपण बदनापुरातच झालं. मुलगी झाली. बेबीनंदा लाडू घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी परत आली, कारण स्लॅबवर पाणी मारायला घरी कुणी नव्हतं.

आता ती त्या घरात राहते. दोन खोल्या आहेत, पुढच्या खोलीला गिलावा व्हायचाय, आणि या महिन्यात प्रीती लेकीला घेऊन राहायला आली आहे.