एकाच कापडाचे चार फ्रॉक

शिंपीकाकांनी चाळीस वर्षांत कापडाची कड कधी उघडी सोडली नाही. कड दिसली की बोटं ती आत दुमडणारच. हाच गुण नातीच्या बाबतीत त्यांना नडत होता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

लेक बाळंतपणाची रजा संपवून सोमवारी कामावर रुजू झाली. जाताना बजावून गेली, "बाबा, शुक्रवारपर्यंत बघू. नाही झेपलं तर पाळणाघर आहेच." बायको गेल्यापासून काका शिलाई मशीनशीच बोलत. आता कुठे ही सात महिन्यांची ठकी उलट हुंकार द्यायला लागली होती. ती दिवसभर परक्या घरी राहणार, हा विचारच त्यांना नको वाटायचा.

पण ठकी कसली दाद देतेय! रोज डायपर जागच्या जागी आणि सगळा ऐवज मांडीवरून थेट फ्रॉकवर. काका तिला कोमट पाण्याने स्वच्छ करत, मऊ फडक्याने टिपत, आणि फ्रॉक आधी गार पाण्याखाली धरत. गरम पाण्याने डाग पक्का बसतो, हे त्यांनी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगितलं होतं. मग साबण, मग ऊन.

आणि लेकीला सुगावा लागू नये म्हणून या गृहस्थांनी काय करावं? सोमवारी दुपारीच सकाळच्या पिवळ्या फ्रॉकसारखेच, त्याच कापडाचे आणखी तीन शिवले! संध्याकाळी नात पिवळ्या फ्रॉकमध्ये हजर. झाकली मूठ.

गुरुवारी मात्र चारही फ्रॉक दोरीवर गेले. काका हबकले. परत आलेला कपडा शिंपी आधी उसवत नाही, उलटून बघतो. त्यांनी काढलेला डायपर जुन्या वर्तमानपत्रावर उलगडला. मांडीभोवतीची झालर आत दुमडलेली होती, आणि गळती नेमकी तिथूनच झाली होती. दुमडली कोणी? त्यांनीच, रोज, व्यवस्थित.

"चाळीस वर्षांचा कारागीर म्हणे!" ते स्वतःवरच करवादले. शुक्रवारी त्यांनी झालर बोटाने सगळीकडून बाहेर काढली आणि कमरेशी दोन बोटं जातील एवढंच सैल ठेवलं.

संध्याकाळी लेकीने दारातच विचारलं, "आज कितवा फ्रॉक?"

काका चपापले. "म्हणजे?"

"अहो बाबा, दिवसभर लोळणाऱ्या पोरीचा फ्रॉक संध्याकाळी कडक इस्त्रीचा कसा असेल? सोमवारीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही."

तिने ठकीला उचललं. फ्रॉक पार चुरगळलेला होता. गळ्याशी सकाळी लेकीच्याच हातून सांडलेलं दूध वाळलं होतं. तिने तो डाग बोटाने चाचपून पाहिला. फ्रॉक सकाळचाच होता.

"सोमवारी मला अर्धा तास लवकर निघायचंय," ती म्हणाली. "जमेल?"

"जमेल," काका म्हणाले आणि दोरीवरच्या उरलेल्या तीन फ्रॉकच्या घड्या घालायला लागले.